अकरा वर्षांच्या मुलीला इनलाइन हॉकीचे स्केट्स घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरा वर्षांची, वजन ३४ किलो, दोन वर्षं क्वाडवर (पुढे दोन, मागे दोन चाकांचे स्केट्स) शिकली, आता क्लबमध्ये इनलाइन हॉकी (चाकं एका रेषेत असलेल्या स्केट्सवरची) सुरू करायची आहे. रिंक घोटीव सिमेंटचा, वरून उघडा. दिवाळीत मेहुणे टोरांटोहून येणार आहेत. त्यांचं म्हणणं, तिकडे आइस हॉकीचे स्केट्स चांगले मिळतात, तेच आणतो, खाली चाकं बसवून घ्या. पुढे लडाखच्या आइस हॉकीच्या कॅम्पला गेली तर बर्फावरचं पातं परत लावता येईल. इथला दुकानदार सांगतो, पाय वाढतोय, दोन नंबर मोठे घ्या. शिवाय चाकं किती मोठी, एबेक ९ दर्जाचं बेअरिंग घ्यावं का आणि पॅड कुठले, हेही तुम्ही विचारलं आहे.

प्रश्न बरेच दिसतात, पण मला त्यात खरा एकच दिसतो: बूट आजच्या पायाला घ्यायचा की पुढच्या वर्षीच्या? त्याचं उत्तर चुकलं तर चाकं आणि बेअरिंग कितीही भारी असली तरी मुलगी अडखळणार. म्हणून सर्वांत जास्त त्यावरच लिहिते.

वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्यायची आपली सवय स्केट्सच्या बाबतीत घातक ठरते. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलीमीटर. दोन नंबर मोठा बूट म्हणजे बोटांपुढे १७ मिलीमीटर पोकळी. बुटाखालची, चाकं धरणारी फ्रेम बुटाला पक्की असते, पायाला नाही. पाय आत सरकला की तो फ्रेमच्या मधोमध राहत नाही. वळताना मुलगी जोर देते, तो आधी बुटातली ढिलाई भरून काढण्यात जातो आणि उरलेला चाकापर्यंत पोचतो. टाच उचलली जाते, घोटे आत पडतात. मग पालक माझ्याकडे येऊन सांगतात की हिचे घोटेच कमजोर आहेत. बहुतेक वेळा घोट्यांना काही झालेलं नसतं. मापाचा बूट घालून नाड्या नीट आवळल्या की त्याच सरावात फरक दिसतो.

मी वाढीसाठी सोडते ती जागा अर्ध्या नंबरापेक्षा जास्त नाही, म्हणजे सुमारे ४ मिलीमीटर. या वयात तेवढ्यावर एक हंगाम निघतो, पाय झपाट्याने वाढला तर त्याआधीच बूट बदलावा लागतो. हा खर्च टोचतो, मला कल्पना आहे. त्यावर उपाय मोठा बूट हा नाही, वापरलेला बूट हा आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता माप कसं घ्यायचं. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. सरावाला जो पातळ मोजा घालणार तोच घालून मुलीला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. भिंतीपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत मिलीमीटरमध्ये मोजा, दोन्ही पायांचं. मोठा पाय निघेल त्यावर बूट ठरवायचा. मग बोटांच्या मुळाशी, पाय जिथे सर्वांत रुंद आहे तिथली रुंदीही मोजा. आपल्याकडे पुढून पसरट पाय असलेली मुलं मला बरीच भेटतात आणि त्यांना लांबीत बरोबर असलेला बूट दोन्ही बाजूंनी चावतो. तेव्हा लोक लांबी वाढवतात. खरं तर रुंदी वाढवायला हवी. हॉकीच्या बुटांवर रुंदीसाठी डी, ईई अशी अक्षरं असतात. डी नेहमीची, ईई रुंद. काही नव्या बुटांवर त्याऐवजी फिट १, २, ३ असं लिहिलेलं सापडेल.

नंबरांचा घोळ इथे समजून घ्या, कारण खरेदी परदेशातून होणार आहे. आपल्या दुकानांत बहुधा ब्रिटिश नंबर चालतो, कॅनडात अमेरिकन. मुलांच्या बुटात अमेरिकन आकडा ब्रिटिशपेक्षा साधारण एकने जास्त असतो. आणि हॉकी स्केटचा आकडा अमेरिकन बुटाच्या आकड्यापेक्षा एक ते दीडने कमी घ्यावा लागतो. या दोन गोष्टी एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात, त्यामुळे हॉकी स्केटचा आकडा पुष्कळदा मुलीच्या इथल्या शाळेच्या बुटाच्या आकड्याइतका किंवा अर्ध्याने कमी येतो. पण हा फक्त अंदाज झाला. मेहुण्यांना आकडा सांगू नका, मिलीमीटर सांगा. दुकानात त्या कंपनीचा तक्ता असतो, त्यात मिलीमीटरवरून आकडा निघतो.

बूट हातात आला की घरी असा तपासा. नाड्या पूर्ण ढिल्या करून पाय घाला, टाच जमिनीवर मागे दोनदा ठोका म्हणजे ती खोबणीत बसेल, मग नाड्या बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकीशी लागायला हवीत. गुडघे वाकवून खेळायच्या पवित्र्यात आल्यावर ती जराशी मागे यायला हवीत. उभ्यानेही लागत नसतील तर बूट मोठा. वाकल्यावरही दुमडलेली राहत असतील तर लहान. वाढीचा अर्धा नंबर धरून घेतला असेल तर उभ्याने बोटं जेमतेम लागणार नाहीत, तेवढं चालतं. टाच मात्र उचलता कामा नये. त्या बाबतीत मी सूट देत नाही.

आणखी एक चाचणी लोकांना माहीत नसते, ती बूट किती खोल आहे याची. नाड्या न बांधता पाय बुटात ठेवा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवा. पेन्सिल दोन्ही कडांना टेकून पायाला न लागता राहिली तर खोली पुरेशी. पाय पेन्सिलला वर उचलत असेल तर बूट त्या पायासाठी उथळ आहे. मग नाड्या कितीही आवळा, पाय आत बसणार नाही, उलट वरच्या भागाला मुंग्या येतील.

हे सगळं जमलं की बूट घालून मुलीला वीस मिनिटं घरात बसू-उभी राहू द्या, सतरंजीवर, चाकं फिरणार नाहीत अशी. नंतर मोजा काढून पाय बघा. सगळीकडे सारखी हलकी लाली असेल आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. घोट्याच्या हाडावर किंवा पायाच्या आतल्या उंचवट्यावर एकाच जागी गडद डाग राहिला तर तो बूट तिथे चावणार. काही बूट उष्णतेने पायाच्या आकाराला बसवता येतात. दुकानातल्या भट्टीत सुमारे ८० अंशांना काही मिनिटं तापवून पायावर थंड होऊ देतात. त्यासाठी पाय तिथे हवा, त्यामुळे मेहुण्यांनी एकट्याने घेतलेल्या बुटाला याचा उपयोग नाही. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका, गोंद सुटतो. काही सरावांनंतर नवा बूट तसाही नरम पडतो.

नाड्यांबद्दल दोन वाक्यं. पंजाशी मध्यम, घोट्याच्या वळणावर सर्वांत घट्ट, सर्वांत वर पुन्हा जरा सैल, म्हणजे पाय पुढे वाकू शकतो. इनलाइनचा बूट घालून मुलगी गुडघे वाकवू शकत नसेल तर वरचं भोक सोडून बघा.

आता मेहुण्यांची सूचना. आइस हॉकीच्या बुटाला चाकांची फ्रेम बसवता येते, ते अशक्य नाही. पण पातं धरणाऱ्या होल्डरचे रिव्हेट (पक्के ठोकलेले खिळे) काढून, फ्रेम बुटाच्या मध्यरेषेवर अचूक ठेवून, योग्य उतार राखून नवे रिव्हेट मारायचे असतात. हे काम रोज करणारा माणूस आणि त्याचं यंत्र लागतं. फ्रेम दोन-तीन मिलीमीटर आत-बाहेर झाली तरी मुलगी कायम एका कडेवर चालेल. आणि हिवाळ्यात पातं, उन्हाळ्यात चाक अशी अदलाबदल तर नकोच, दर वेळी भोकं मोठी होतात. शिवाय इनलाइनचा बूट पुढे वाकायला जरा मोकळा आणि हवेशीर असतो; आपल्या एप्रिल-मेमध्ये ते महत्त्वाचं आहे. म्हणून मेहुण्यांना सांगा, आणायचेच तर मुळात इनलाइन हॉकीचे स्केट्स आणा.

लडाखचं काय? पहिल्या हिवाळ्यात तिथे स्केट्स उसने किंवा भाड्याने मिळतात का ते कॅम्पवाल्यांना विचारा. इथे घेतलेलं हेल्मेट, शिन गार्ड (नडगीचे पॅड), कोपराचे पॅड, हातमोजे तिथेही चालतात, ते सोबत न्या. पुढे स्वतःचे आइस स्केट्स घ्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: नव्या पात्याला बहुधा वापरायची धार नसते, दुकानातूनच लावून घ्या. पात्याच्या तळाला लांबीभर एक खोबण असते, तिची गोलाई सुरुवातीला अर्धा इंच त्रिज्येची मागतात. खोबण जितकी खोल, तितकी कड जास्त पकडते. हलक्या मुलांना आणि लेहसारख्या ठिकाणच्या कडक थंड नैसर्गिक बर्फाला पकड जास्त लागते, जड माणसाला कमी. अशी धार लावणारी यंत्रं आपल्याकडे सहज सापडत नाहीत, तेव्हा पातं दगडा-सिमेंटवर टेकवायचं नाही, रबरी कव्हर लावूनच चालायचं. आणि लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पोचल्या दिवशी तिला बर्फावर उतरवू नका, शरीराला दोन दिवस तरी द्या.

क्वाडवरून इनलाइन हॉकीकडे येणाऱ्या मुलांबाबत एक धोका मी आधीच सांगून ठेवते. क्वाडला पुढे रबरी स्टॉपर असतो. इनलाइन हॉकी स्केट्सना ब्रेक नसतो, ना पुढे ना मागे. दोन वर्षं अंगवळणी पडलेली मुलगी घाईत पंजा टेकवायला जाईल आणि पुढे झेपावेल. पहिले काही सराव स्टिक हातात न देता फक्त थांबणं शिकवा: पाय मागे आडवा घासून, मग दोन्ही पाय फाकवून, सर्वांत शेवटी आडवं सरकून. तुमच्या क्लबच्या सरांनाही हे आवर्जून सांगा. आणि त्यांना आणखी एक विचारा, क्लब नक्की कुठली हॉकी खेळवतो? आपल्याकडे क्वाडवर चेंडूने खेळायची रोलर हॉकीही आहे. तिची स्टिक आखूड असते आणि चेंडू टणक. बार्सिलोनाच्या १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून होती ती हीच. तुमचा क्लब ती खेळवत असेल तर इनलाइन घ्यायचं कारणच उरत नाही.

चाकांकडे येऊ. चाकाला दोन आकडे असतात, व्यास मिलीमीटरमध्ये आणि कठीणपणा, ज्यापुढे ए लिहिलेला असतो. दुकानात मोठं चाक जास्त वेगवान म्हणून पुढे करतात. १००, ११०, १२५ ची चाकं स्पीड स्केटिंगची. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या पुरुष आणि महिला रिले संघांनी ३००० मीटरमध्ये कांस्यपदकं मिळवली, तेव्हापासून ‘तसलेच’ स्केट्स मागणारे पालक वाढल्याचं मला दिसतं. त्या खेळासाठी ती चाकं योग्यच. हॉकीत मुलगी चार पावलं धावते, थांबते, वळते, मागे फिरते. तिला जमिनीजवळ राहणं आणि आखूड फ्रेम हवी. हॉकीत ७२, ७६, ८० ही नेहमीची मापं, लहान मुलांच्या बुटांना ६८ सुद्धा. काही फ्रेमना पुढची दोन चाकं ७६ आणि मागची दोन ८० असतात. फ्रेम ज्या मापाची त्याहून मोठं चाक बसत नाही, त्यामुळे हा निर्णय खरं तर बूट घेतानाच होऊन जातो.

तुमच्या हातात उरतो तो कठीणपणा. आकडा कमी तितकं चाक मऊ, पकड जास्त, झीजही जास्त. प्लास्टिकच्या फरशांच्या इनडोअर रिंकवर ७२ ते ७६ ए वापरतात. डांबरी रस्त्यावर ८२ ते ८५ ए, नाहीतर खडी मऊ चाक कुरतडून टाकते. तुमचा घोटीव सिमेंट या दोहोंच्या मध्ये येतो. ३४ किलोची मुलगी चाकाला फारशी दाबत नाही, म्हणून मी तिला ७६ ते ७८ ए देईन. तिच्याच संघातल्या साठ किलोच्या मुलाला त्याच रिंकवर ८० च्या आसपासचं लागेल. तापलेल्या सिमेंटवर दुपारी तेच चाक आणखी मऊ वागतं, तेव्हा सराव उन्हाळ्यात दुपारी असेल तर ७८ कडे झुका. आणि उघड्या रिंकवर धूळ असते. घसरतंय असं वाटलं की नवी चाकं मागण्याआधी रिंक झाडून घ्या आणि चाकं ओल्या फडक्याने पुसा. पुष्कळदा तेवढंच पुरतं. या चाकांवर सोसायटीच्या रस्त्यावर फिरायचं नाही, हा नियम घरात आधीच करा.

चाकं आतल्या बाजूने लवकर झिजतात. दर काही आठवड्यांनी पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी घाला आणि घालताना बाजू उलटवा. पुढे ७६ मागे ८० अशी फ्रेम असेल तर पुढची दोन आपापसात आणि मागची दोन आपापसात बदलायची.

बेअरिंगवर मी फार वेळ घालवत नाही. आकार ठरलेला असतो, ६०८: आतलं भोक ८ मिलीमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एबेकचा आकडा बेअरिंग किती अचूक मापात बनवलं ते सांगतो. हॉकीत त्याला जे आडवे धक्के बसतात ते सोसण्याबद्दल तो काही सांगत नाही. चांगल्या कंपनीचं एबेक ५ मुलीला भरपूर आहे. दुकानदार हाताने चाक फिरवून किती वेळ फिरतं ते दाखवतो, त्यावर जाऊ नका, वजन पडल्यावरचं वागणं वेगळं असतं. त्यापेक्षा दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारी छोटी नळी) आहे का ते बघा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर चाक अडकत असेल तर स्पेसर नाही किंवा चुकीचा आहे. स्वस्त स्केट्समध्ये हे वारंवार सापडतं. पावसाळ्यात ओल्या रिंकवर उतरू नका. भिजलीच तर त्याच रात्री चाकातून बेअरिंग काढून कोरडी पुसा आणि तेलाचा एक थेंब सोडा.

संरक्षणाचं साहित्य मात्र मला चाकांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं. पैसे कमी पडत असतील तर चाकं साधी घ्या, हेल्मेट नाही. सायकल-स्केटिंगचं ईएन १०७८ या युरोपीय मानकाचं हेल्मेट पडण्यापासून वाचवतं, पण पक (चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती) आणि स्टिक चेहऱ्यावर येते त्याला ते पुरत नाही. हॉकीचं, जाळी असलेलं हेल्मेट हवं. ते मेहुण्यांनी आणलेलं उत्तम. त्यावर एचईसीसीचं (हॉकीच्या साहित्याला प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) प्रमाणपत्राचं लेबल असेल तर बनल्याची तारीख बघायला सांगा, कारण ते प्रमाणपत्र त्या तारखेपासून साडेसहा वर्षंच ग्राह्य असतं. सेलमधलं जुनं हेल्मेट त्यामुळे महागात पडू शकतं. मोजमाप भुवयांच्या जरा वरून, डोक्याच्या घेराचं सेंटिमीटरमध्ये. घातल्यावर डोकं हलवलं तर कातडी हेल्मेटसोबत हलली पाहिजे, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट मावायला हवं. जोराचा आपटा बसल्यावर तडा दिसला नाही तरी हेल्मेट बदला. वापरलेलं हेल्मेट कुणाकडूनही घेऊ नका.

शिन गार्ड इंचात मिळतात. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून बुटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, बूट घालून. गार्डची वाटी गुडघ्याच्या वाटीवर बरोबर मध्यावर बसायला हवी. इथेही वाढत्या मापाचं घेतलं तर वाटी वर सरकते आणि पडल्यावर गुडघा नेमका उघडा पडतो. कोपराच्या पॅडचं तेच. हातमोजे घालून स्टिक धरल्यावर हातमोजा आणि कोपराचा पॅड यांच्यात उघडा हात फार राहता कामा नये, स्टिकचे फटके तिथेच बसतात. मनगटाचे कडक गार्ड घालून स्टिक धरता येत नाही, ते स्टिकशिवायच्या सरावाला ठेवा. ते आणि गुडघ्या-कोपराचे साधे पॅड घेताना ईएन १४१२० हा आकडा शोधा. माकडहाडासाठी पॅड असलेली चड्डी घ्या. मागे पडण्याची भीती गेली की मुली गुडघे वाकवून खेळायला लागतात. दातांसाठी माउथगार्ड, तोही पहिल्या दिवसापासून.

बर्फावर गेली तर गळ्याचा न कापला जाणारा पट्टा यात वाढवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेफील्डच्या सामन्यात ॲडम जॉन्सन या खेळाडूचा पात्याने गळा कापून मृत्यू झाला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत तो पट्टा सर्वांना बंधनकारक केला. कॅम्पवाले मागोत न मागोत, तिच्या गळ्यात तो असू द्या.

राहिला वापरलेल्या स्केट्सचा मुद्दा. मुलांचे बूट झिजण्याआधी लहान होतात, त्यामुळे क्लबमधल्या मोठ्या मुलींच्या पालकांकडे चौकशी करा. घेताना बूट घोट्याच्या जागी दाबून बघा, कापडासारखा दुमडत असेल तर नको. चाकांसह तो काचेच्या टेबलावर ठेवा आणि मागून एका डोळ्याने पाहा: चारही चाकं एका रेषेत आणि फ्रेम बुटाच्या मधोमध हवी. रिव्हेट हलतात का ते बघा. चाकं झिजलेली असली तरी हरकत नाही, ती बदलता येतात. असा बूट इथेच मापाचा मिळाला तर मेहुण्यांकडून फक्त हेल्मेट, हातमोजे आणि शिन गार्ड मागवा. त्यांची बॅगही हलकी राहील आणि बूट मुलीच्या पायावर घालून बघता येईल. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

दोन्ही पायांची लांबी आणि रुंदी मिलीमीटरमध्ये, डोक्याचा घेर, आणि क्लबमध्ये पकने खेळतात की चेंडूने, एवढं कळवा. मग नेमका आकडा आणि रुंदी मी सांगते.